प्रॅक्टिकल नर्सच्या परवान्याची परीक्षा : उगम व स्थित्यंतरें

(१)

राजांच्या सनदा, तहनामे आणि कैफियती यांवरून इतिहास कसा लिहावा, हें आपल्याकडील संशोधकांस सांगावयास नको. परंतु जिच्या नांवें कधीं सनद निघाली नाहीं, जिचें नांव कोणत्याहि दप्तरांत आलें नाहीं, आणि जिनें तरीहि रात्रीमागून रात्र परक्या आजाऱ्याच्या उशाशीं बसून काढली, तिचा इतिहास कशावरून लिहावयाचा? अशा धंद्यांच्या बाबतींत परवान्याची परीक्षा हें एक उपेक्षित पण भरंवशाचें साधन आहे, असें आमचें मत झालें आहे. परीक्षा केव्हां लागली, कोणीं लावली, तींत काय विचारीत, आणि तिला बसण्याची मनाई कोणास होती, एवढे चार प्रश्न विचारले म्हणजे त्या धंद्याविषयीं समाजाची समजूत काय होती तें बरेंचसें उघड होतें.

प्रस्तुत लेखांत आम्ही अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांमधील ‘प्रॅक्टिकल नर्स’ या परिचारिकेच्या परीक्षेचा विचार करणार आहों. ही परिचारिका म्हणजे रुग्णालयांतील पूर्ण शिक्षणाची नोंदलेली परिचारिका नव्हे. हिचें शिक्षण साधारण एक वर्षाचें असतें. ती वैद्याच्या किंवा नोंदलेल्या परिचारिकेच्या देखरेखीखालीं काम करते. आणि टेक्सस व कॅलिफोर्निया या दोन संस्थानांत तिला ‘व्होकेशनल नर्स’ म्हणतात. रोग्यास स्नान घालणें, कूस बदलणें, नाडी व ताप पाहणें, औषध देणें, जखम बांधणें, हीं कामें तिचीं. आजाऱ्याच्या अंगाला ज्या हातांचा स्पर्श वारंवार होतो ते हात पुष्कळदां हिचेच असतात.

अशा हातांची परीक्षा कागदावर घेतां येते काय, हा या इतिहासांतील मूळ प्रश्न आहे. तो प्रॅक्टिकल नर्सच्या परवान्याहून जुना आहे, व त्याचा उगम पाहावयाचा तर आधीं इंग्लंडांत जावें लागतें.

(२)

लंडन येथील सेंट टॉमस रुग्णालयांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवची परिचारिकाशाळा १८६० सालीं सुरू झाली. तेथील उमेदवार विद्यार्थिनींचें काम कसें आहे याचा तक्ता मेट्रन दरमहा भरीत असे. तक्त्याचे भाग दोन होते. एकांत जखमा बांधणें, जळवा लावणें, बिछाना करणें इत्यादि हातचीं कामें. दुसऱ्यांत वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, स्वच्छता इत्यादि गुण. म्हणजे या शाळेची खरी परीक्षा वर्षभर रोज चाले, आणि परीक्षक ती विद्यार्थिनी जवळून पाहणारी बाई असे.

या पद्धतीस आव्हान दिलें तें सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या माजी मेट्रन एथेल बेडफर्ड फेनविक यांनीं. वयाच्या चोविसाव्या वर्षीं, १८८१ मध्यें, त्या मेट्रन झाल्या. १८८७ मध्यें विवाहामुळें त्यांनीं ती जागा सोडली. आणि त्याच सालीं ब्रिटिश नर्सेस असोसिएशन ही संस्था उभी केली. त्यांचें म्हणणें साधें होतें. वैद्यास नोंदवही आहे, परिचारिकेस नाहीं. त्यामुळें तीन वर्षें शिकलेली बाई आणि तीन आठवडे रुग्णालयांत वावरलेली बाई एकाच नांवानें व एकाच पोषाखांत लोकांच्या घरीं जातात. गृहस्थास त्यांतील भेद कळावा कसा? म्हणून सर्व देशाला एक परीक्षा असावी व ती उतरलेल्यांचीच नांवें नोंदवहींत यावीं.

नाइटिंगेल यांनीं याला कसून विरोध केला. परीक्षेनें स्मरणशक्ति कळेल, स्वभाव कळणार नाहीं. शिवाय एकदां पटावर चढलेलें नांव दहा वर्षांनीं त्या बाईच्या योग्यतेची काय ग्वाही देणार, असा त्यांचा आक्षेप होता. या वादांत एक पक्ष सुधारकांचा व दुसरा जुन्यांचा, अशी विभागणी करण्याचा मोह होतो. पण आमच्या मतें ती बरोबर नाहीं. दोन्ही पक्षांस रोग्याचेंच रक्षण हवें होतें. एकाचा भरंवसा ओळखीवर होता, दुसऱ्याचा दाखल्यावर. लहान शाळेंत ओळख पुरते. परंतु जेथें परिचारिका अनोळखी शहरांत अनोळखी माणसाच्या दारीं उभी राहते, तेथें दाखल्यावांचून गत्यंतर नाहीं.

निकाल लागण्यास तीस वर्षांहून अधिक काळ गेला. १८९३ च्या राजसनदेनें असोसिएशनला परिचारिकांची ‘यादी’ ठेवण्याची मुभा मिळाली, ‘नोंदवही’ ठेवण्याची नाहीं. या एका शब्दासाठींहि भांडण झालें होतें. दरम्यान न्यूझीलंडनें १९०१ सालीं परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा करून इंग्लंडास मागें टाकलें. १९१० मध्यें नाइटिंगेल वारल्या. पुढें पहिलें महायुद्ध संपल्यावर डिसेंबर १९१९ मध्यें इंग्लंडांत कायदा झाला, आणि १९२१ सालीं उघडलेल्या नोंदवहींत पहिल्या क्रमांकावर फेनविकबाईंचें नांव आलें. सरकारी परीक्षा प्रथम १९२५ सालीं झाली.

(३)

हा वाद चालू असतांनाच त्याचें बीज अटलांटिकपलीकडे गेलें होतें. १८९३ सालीं शिकागो येथें जें जागतिक प्रदर्शन भरलें त्या निमित्तानें परिचारिकाशाळांच्या प्रमुख बाया एकत्र आल्या; फेनविकबाईहि तेथें होत्या. त्या भेटींतून अमेरिकन परिचारिकांची संघटना बांधली गेली. अमेरिकेंत असे कायदे मध्यवर्ती सरकार करीत नाहीं, प्रत्येक संस्थान आपापला करतें. म्हणून लढा संस्थानागणिक द्यावा लागला. मार्च १९०३ मध्यें नॉर्थ कॅरोलिनानें पहिला कायदा केला, व त्याच वर्षीं न्यू जर्सी, न्यूयॉर्क व व्हर्जिनिया हीं संस्थानें त्याच्या मागोमाग आलीं.

हे कायदे वाचतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. त्यांनीं परिचारिकेचें ‘नांव’ राखून ठेवलें, ‘काम’ नव्हे. परीक्षा न देतां कोणीहि बाई पैसे घेऊन शुश्रूषा करूं शके. मात्र ‘रजिस्टर्ड नर्स’ ही पदवी तिला लावतां येत नसे. म्हणून या कायद्यांनीं प्रश्न अर्धाच सुटला. घरोघर जाऊन काम करणाऱ्या हजारों स्त्रिया नोंदवहीच्या बाहेरच राहिल्या.

परीक्षा जशी दार उघडते तशी तें बंदहि करूं शकते, याचें उदाहरण जॉर्जिया संस्थानांत सांपडतें. तेथें १९०७ सालीं कायदा झाला. परंतु कृष्णवर्णीय परिचारिकांस गोऱ्यांबरोबर त्याच परीक्षेस बसण्याची वाट मोकळी नव्हती. स्पेलमन विद्यालयांत शिकलेल्या लूडी अँड्र्यूज यांनीं १९०९ पासून याविरुद्ध कायदेशीर झगडा मांडला. त्यांना एकटीला परवाना देऊं करण्यांत आला, तेव्हां आपल्या सर्व भगिनींस मिळत नाहीं तो आपणांस नको, असें त्यांनीं कळविलें. १९२० सालीं त्यांस यश आलें. अकरा वर्षांचा हा झगडा एका परीक्षेच्या बैठकीसाठीं होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे परवाना ही केवळ कारकुनी बाब नव्हे हें पटतें.

(४)

आतां नोंदवहीच्या बाहेर राहिलेल्या स्त्रियांकडे वळूं. जुन्या काळीं अमेरिकन गृहस्थाच्या घरीं बाळंतपण, म्हातारपण किंवा लांबलेला आजार असला म्हणजे शेजारची एखादी अनुभवी बाई येऊन राही. ती रोग्याचें पाही, चूल सांभाळी आणि मुलांचे कपडेहि धुई. हीच ‘प्रॅक्टिकल’ नर्स. तिची विद्या पाहून व करून आलेली असे. पुस्तकाचा तिला संबंध नसे.

तिला रीतसर शिकविण्याचा आरंभ १८९० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क येथें झाला. तेथील तरुण ख्रिस्ती स्त्रियांच्या संघानें चालविलेल्या बॅलर्ड शाळेंत सुमारें तीन महिन्यांचा क्रम असे, व त्यांत लहान मुलें, वृद्ध आणि दीर्घकाळचे आजारी यांच्या घरगुती शुश्रूषेवर भर असे. १९०७ मध्यें व्हरमाँट संस्थानांतील ब्रॅटलबरो येथें टॉमसन शाळा निघाली, आणि १९१८ मध्यें बॉस्टन येथें तिसरी. या शाळांत पथ्याचा स्वयंपाक हा शिक्षणाचा महत्त्वाचा भाग होता. रोगी घरीं असे, रुग्णालयांत नव्हे, हें त्याचें कारण.

तिच्या परवान्याचा पहिला कायदा मिसिसिपी संस्थानानें १९१४ सालीं केला. पण अनुकरण फार मंद झालें. पुढील पंचवीस वर्षांत थोड्याच संस्थानांनीं हा मार्ग धरला. खरें वळण आणलें तें न्यूयॉर्कच्या १९३८ च्या कायद्यानें. पैसे घेऊन शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकीला परवाना हवाच, आणि परवान्याचे वर्ग दोन, रजिस्टर्ड व प्रॅक्टिकल, असें त्यानें ठरविलें. आतां नांवच नव्हे तर कामहि राखीव झालें. दुसऱ्या महायुद्धांत परिचारिकांचा तुटवडा पडल्यामुळें या कायद्याची सक्ति कांहीं वर्षें लांबणीवर टाकावी लागली, हें निराळें.

येथें एक अवघड प्रसंग उद्भवतो, आणि तो या इतिहासाचा गाभा आहे असें आम्हांस वाटतें. वीस वर्षें आजाऱ्यांत घालविलेल्या, पण शाळेचें तोंड न पाहिलेल्या बाईचें काय करावयाचें? तिला परीक्षेस बसवावें तर लिहितां येत नाहीं म्हणून ती पडेल; न बसवावें तर कायदा पोकळ ठरेल. पुष्कळ संस्थानांनीं मधला मार्ग काढला. कायदा होण्यापूर्वीं ज्या काम करीत होत्या त्यांनीं ठराविक मुदतींत अर्ज करावा, अनुभवाची व वर्तणुकीची साक्ष आणावी, आणि परीक्षेवांचून परवाना घ्यावा. अशा सवलतीनें परवाने मिळालेल्या स्त्रियांची संख्या मोठी होती. सवलतीच्या या कलमांत नाइटिंगेल यांची ओळखीची पद्धत व फेनविकबाईंची दाखल्याची पद्धत एकाच कायद्यांत शेजारीं शेजारीं बसलेली दिसते. एका पिढीनें साक्षीवर परवाना घेतला, पुढच्या पिढीनें परीक्षेवर.

(५)

आतां परीक्षेच्या स्वरूपाकडे पाहूं. आरंभीं प्रत्येक संस्थानाचें परीक्षकमंडळ आपल्या प्रश्नपत्रिका आपणच काढी. उत्तरें निबंधासारखीं सविस्तर लिहावयाचीं आणि परीक्षकांनीं तीं एकेक वाचावयाचीं. त्यामुळें निकालास महिने लागत, व एका संस्थानांतील उत्तीर्णेची योग्यता दुसऱ्यांत कितपत धरावी याचा मेळ बसत नसे. तयारी करणारीनें शाळेंतील व्याख्यानांच्या वह्या पाठ कराव्या आणि आपल्या संस्थानाचे परीक्षक काय विचारतात याची माहिती काढावी, अशी रीत पडली.

महायुद्धानें ही रीत मोडली. परिचारिका त्वरित हव्या होत्या, निकालासाठीं थांबण्यास सवड नव्हती. जानेवारी १९४४ मध्यें नोंदलेल्या परिचारिकांसाठीं अनेक संस्थानांची सामाईक परीक्षा सुरू झाली. प्रश्न एकत्र जमा करावयाचे, पर्यायांतून उत्तर निवडावयाचें, आणि गुण यंत्रानें मोजावयाचे. १९४७ मध्यें प्रॅक्टिकल नर्ससाठींहि अशीच सामाईक परीक्षा निघाली. १९४१ सालीं या वर्गाच्या शिक्षणाची राष्ट्रीय संस्था स्थापन झालीच होती. १९४९ मध्यें या परिचारिकांनीं स्वतःचा संघहि उभारला. १९५५ पर्यंत सर्व संस्थानांत त्यांच्या परवान्याचे कायदे झाले. मिसिसिपीनंतर चाळीस वर्षांनीं हें घडलें.

यंत्रानें गुण मोजण्याचा एक लाभ विसरतां कामा नये. जें यंत्र उत्तराखेरीज कांहीं पाहत नाहीं, त्यास उमेदवाराचा वर्ण, अक्षर किंवा घराणें दिसत नाहीं. लूडी अँड्र्यूज यांच्या झगड्यानंतर हा लाभ लहान म्हणतां येत नाहीं. परंतु तोटाहि तितकाच उघड होता. चार उत्तरांपैकीं बरोबर तें ओळखणें निराळें आणि रात्रीं दोन वाजतां रोग्याच्या चेहऱ्यावरून बिघाड ओळखणें निराळें. नाइटिंगेल यांचा आक्षेप कायम राहिला.

(६)

यानंतरचा इतिहास त्या आक्षेपाला दिलेल्या उत्तरांचा आहे. संस्थानांच्या परिचारिकामंडळांची राष्ट्रीय समिति १९७८ सालीं स्थापन झाली, आणि १९८२ मध्यें तिनें दोन्ही वर्गांच्या परीक्षा नव्या रूपांत आणल्या. प्रॅक्टिकल नर्सची ती परीक्षा ‘एन्क्लेक्स-पीएन’ या नांवानें ओळखली जाते. तींतील महत्त्वाचा फेर असा कीं, काय विचारावें हें पंडितांच्या मतावर सोडलें नाहीं. नुकत्याच कामास लागलेल्या परिचारिकांस त्या प्रत्यक्ष कोणतीं कामें करतात व किती वेळां करतात हें विचारावयाचें, आणि त्यावरून दर तीन वर्षांनीं परीक्षेचा आराखडा तपासावयाचा, असा परिपाठ पडला. काम आधीं व प्रश्न मागाहून, असा हा क्रम आहे.

एप्रिल १९९४ पासून परीक्षा संगणकावर आली, व तीहि विलक्षण रीतीनें. उत्तर बरोबर आलें तर पुढचा प्रश्न कठिण येतो, चुकलें तर सोपा. मागें फिरतां येत नाहीं, प्रश्न गाळतां येत नाहीं. उमेदवाराची पात्रता ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे कीं खालीं, हें शेंकडा ९५ निश्चितीनें कळलें म्हणजे परीक्षा आपोआप थांबते. यामुळें कोणाची लवकर संपते, कोणाची उशिरां. आणि परीक्षा लवकर संपली याचा अर्थ यश कीं अपयश हें तेवढ्यावरून उमगत नाहीं.

एप्रिल २०२३ मध्यें आणखी एक पाऊल पडलें. प्रश्नांची संख्या कमीत कमी ८५ व जास्तीत जास्त १५० झाली. वेळ पांच तास. आणि सुट्या प्रश्नांबरोबर एकाच रोग्याची हकीकत देऊन तीवर ओळीनें सहा प्रश्न येऊं लागले. या सहांचा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे : खूण ओळखणें, तिचा अर्थ लावणें, कोणती शंका प्रथम धरावी तें ठरविणें, उपाय सुचविणें, कृति करणें, आणि कृतीचा परिणाम पाहणें. शस्त्रक्रिया होऊन आलेला रोगी बेचैन झाला आहे, नाडी जलद होत चालली आहे, रक्तदाब उतरत आहे, कातडी थंड व ओलसर लागते. आतां यांतील कोणती गोष्ट महत्त्वाची, आणि प्रथम काय करावयाचें? आंत रक्तस्राव होत असावा, ही शंका जिला वेळेवर येईल आणि जी रोग्यास एकटा न सोडतां मदत बोलावील तीच येथें निभावते.

तयारीची रीत या फेरांबरोबर बदलत गेली. आज उमेदवार अभ्यास करते तो आठ मथळ्यांखालीं : कामाची जुळवाजुळव, सुरक्षितता व संसर्गाचा प्रतिबंध, आरोग्याची जपणूक, मनाची स्थिति, नित्याची सेवा व आराम, औषधें, धोका कमी करणें, आणि शरीरांतील बिघाडास तोंड देणें. औषधाच्या मात्रेचें गणित तिला बिनचूक यावें लागतें. गोळी पाव मिलिग्रॅमची आणि हुकूम अष्टमांशाचा असेल तर अर्धी गोळी, हें सोपें दिसतें, पण घाईंत येथेंच चूक होते. चार रोग्यांपैकीं प्रथम कोणाकडे जावें या प्रश्नांत श्वासमार्ग, श्वास व रक्ताभिसरण हा क्रम तिला मनांत ठसवावा लागतो. आणि सर्वांत अवघड म्हणजे स्वतःची मर्यादा ओळखणें. नव्या रोग्याची पहिली संपूर्ण तपासणी नोंदलेल्या परिचारिकेची. प्रॅक्टिकल नर्सनें माहिती गोळा करावी, फरक दिसतांच कळवावा. शिरेंतून औषध देण्याचा तिचा अधिकार तर संस्थानपरत्वें निराळा आहे. एके काळीं चूल व पाळणाहि सांभाळणाऱ्या बाईच्या परीक्षेंत आज ‘हें माझें काम नव्हे, वरिष्ठास कळवावें’ हें बरोबर उत्तर ठरूं शकतें. धंद्याचें रूप किती बदललें याचें यापेक्षां बोलकें प्रमाण आम्हांस दुसरें दिसत नाहीं.

(७)

मग वादाचा निकाल कोणाच्या बाजूनें लागला? कायद्याच्या दृष्टीनें फेनविकबाई जिंकल्या; आज परवान्यावांचून कोणीहि हें काम करूं शकत नाहीं. परंतु परीक्षेचा प्रवास पाहिला तर ती पाठांतराकडून रोग्याच्या बिछान्याकडे, नाइटिंगेल यांनीं जेथें बोट ठेवलें होतें त्याच दिशेनें, सरकत आलेली दिसते. तरी ती बिछान्यापर्यंत पोंचलेली नाहीं. पांच तासांच्या परीक्षेनें उमेदवार धोकादायक नाहीं एवढी हमी मिळते. ती मायाळू आहे कीं नाहीं, कंटाळलेल्या म्हाताऱ्याशीं ती कशी बोलेल, हें संगणकास कळत नाहीं. तें शाळेच्या रोजच्या देखरेखींतूनच कळावें लागतें. म्हणून परीक्षा व ओळख हीं दोन साधनें एकमेकांचीं वैरी नसून पुरवणी आहेत, असा आमचा निष्कर्ष आहे.

हा प्रश्न आपल्यास परका नाहीं. मुंबई इलाख्यांत परिचारिका, सुइणी व हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ सालीं झाला, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा १९४७ सालीं, आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६६ सालीं. नोंदवहीच्या आधीं आपल्याकडेहि गांवोगांव सुईण होतीच. तिच्या हाताला यश आहे कीं नाहीं हें गांव जाणत असे. दाखला तिच्याजवळ नव्हता. तिच्यापासून परवानेवाल्या परिचारिकेपर्यंतचा मार्ग आपल्याकडे कसा पडला, तो पडतांना कोण आंत आलें व कोण बाहेर राहिलें, याची सविस्तर हकीकत लिहिली जाणें अवश्य आहे.

त्यासाठीं साधनें जमविलीं पाहिजेत. जुन्या प्रश्नपत्रिका, शाळांचे तक्ते, वसतिगृहांतील वह्या, परवान्याचे कागद व छायाचित्रें पुष्कळ घरांतून अजून पडून असतील. आजी परिचारिका होती एवढेंच नातवंडांस ठाऊक असतें, आणि ट्रंक रिकामी करतांना हे कागद रद्दींत जातात. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें कांहीं असेल त्यांनीं तें टाकूं नये, निदान त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी, अशी आमची विनंति आहे.